अली विरुद्ध मार्सियानो: कॉम्प्युटर याचं उत्तर का देऊ शकत नाही

सध्या मोबाईलवर एक प्रकार फार बोकाळलाय, एआयला विचारलं अली जिंकेल की टायसन आणि एआयने म्हणे सांगितलं, अमुक राउंडमध्ये अमुक जण, वर टक्केवारी दशांशासकट, आणि खाली लोक हमरीतुमरीवर आलेत. वाद घालायला माझी काहीच हरकत नाही, हेवीवेट बॉक्सिंगचं मला लहानपणापासून वेड आहे. पण "कॉम्प्युटरने काढलंय म्हणजे बरोबरच असणार" असं लोक मनापासून म्हणतात तेव्हा अस्वस्थ व्हायला होतं.

कारण हा प्रयोग जुनाच आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत मरी वोरोनर नावाच्या निर्मात्याने एनसीआर ३१५ या कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळ्या काळातल्या चॅम्पियन्सची माहिती भरून रेडिओवर काल्पनिक स्पर्धा लावली. त्यात अली जिम जेफ्रिज या जुन्या चॅम्पियनकडून हरला आणि शेवटी १९५० च्या दशकातला चॅम्पियन रॉकी मार्सियानो जिंकला. अली भडकला, त्याने बदनामीचा दावा ठोकला, मग तडजोड म्हणून १९६९ मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो यांना खरोखर रिंगमध्ये उतरवून एकेक मिनिटाचे सत्तरच्या आसपास राउंड शूट केले आणि कॉम्प्युटरच्या निकालाप्रमाणे जोडले. अमेरिकेत दाखवलं तेव्हा मार्सियानो तेराव्या राउंडमध्ये नॉकआउटने जिंकला. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला. पत्रिका बघून गिऱ्हाइकाला आवडेल ते सांगणाऱ्या ज्योतिषात आणि यात मला तरी फरक दिसत नाही.

मग शास्त्रशुद्ध पद्धत आहे का? आहे, आणि ती मला भयंकर आवडते. अर्पाड एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक, त्यांनी बुद्धिबळासाठी जे रेटिंग बनवलं तेच ते, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारलेलं. प्रत्येक खेळाडूला एक आकडा द्यायचा, दोघांच्या आकड्यांतला फरक शून्य असेल तर जिंकायची शक्यता ५० टक्के, फरक २०० असेल तर वरच्याची साधारण ७६ टक्के, ४०० असेल तर ९१ टक्के. सामना झाला की ज्याने अपेक्षेपेक्षा चांगलं केलं त्याचे गुण वाढतात, दुसऱ्याचे तेवढेच कमी होतात.

आता यातली खरी गंमत बघा. ४०० गुणांचा फरक म्हणजे जिंकणं आणि हरणं यांचं प्रमाण दहाला एक. ८०० म्हणजे शंभराला एक. म्हणजे हा आकडा मुळात प्रमाणाचा लॉगॅरिदम आहे, शाळेत लॉगची कोष्टकं वापरून गुणाकाराची बेरीज करायचो तेच. त्यामुळे अ हा ब ला तीनास एक भारी असेल आणि ब हा क ला दोनास एक, तर अ आणि क कधीच समोरासमोर आले नसले तरी सूत्र सांगतं की अ हा क ला सहास एक भारी. सामन्यांची साखळी पुरेशी लांब असेल तर १९३७ मध्ये चॅम्पियन झालेल्या जो लुईसपासून आजच्या उसिकपर्यंत पोचता येतं, एकही कडी तुटत नाही. कागदावर हे इतकं देखणं आहे की खरं असावंसं वाटतं.

पण कड्या कुठल्या आहेत ते बघा. १९५१ मध्ये मार्सियानोने लुईसला आठव्या राउंडमध्ये पाडलं, तेव्हा लुईस ३७ वर्षांचा. १९८० मध्ये लॅरी होम्सने अलीला हरवलं, अली ३८. १९८८ मध्ये टायसनने होम्सला चौथ्या राउंडमध्ये झोपवलं, होम्स ३८ आणि टायसन २१. त्यानंतरच्या काळातला चॅम्पियन क्लिच्को तरुण फ्युरीकडून हरला तेव्हा ३९ चा होता, तरुण जोशुआकडून हरला तेव्हा ४१ चा. दोन पिढ्यांना जोडणारी लढत म्हटली की बहुतेक वेळा एक जण उतरणीला लागलेला असतो, आणि सूत्राला वय कळत नाही, त्याच्या लेखी होम्सने जगज्जेत्या अलीलाच हरवलं. त्या विजयाचे जास्तीचे गुण होम्सकडे जातात, तिथून ते टायसनकडे सरकतात, आणि अशा रीतीने प्रत्येक नवी पिढी जुन्यापेक्षा थोडी जास्तच भारी दिसायला लागते.

मार्सियानो आणि अली यांच्यातला सगळ्यात सरळ दुवा म्हणजे आर्ची मूर, दोघांशीही लढलेला एकमेव माणूस. १९५५ मध्ये मूरने दुसऱ्याच राउंडमध्ये मार्सियानोला खाली पाडलं होतं, मार्सियानो उठला आणि नवव्यात मूरला संपवलं, ती मार्सियानोची शेवटची लढत. १९६२ मध्ये वीस वर्षांच्या अलीने त्याच मूरला चौथ्यातच संपवलं. नऊ आणि चार, म्हणजे अली भारी? मधल्या सात वर्षांत मूर चाळिशी ओलांडून बराच पुढे गेला होता. हा दुवा हवा असेल तर मूर दर वर्षाला किती उतरला हे आधी माहीत पाहिजे, आणि ते काढायला पुन्हा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची रेटिंग लागतात, जी याच सूत्रातून आलेली. वयाची वक्ररेषा सगळ्यांना सारखी धरून गणित सोडवता येतं, पण जॉर्ज फोरमन ४५ व्या वर्षी परत चॅम्पियन झाला, त्याला कुठल्या वक्ररेषेत बसवणार?

वयाचा प्रश्न सुटला असं धरलं तरी दुसरी अडचण आहे आणि ती मुळातली आहे. आकडे एका रेषेवर असतात. अ मोठा ब पेक्षा, ब मोठा क पेक्षा, मग अ मोठा क पेक्षा, यातून सुटका नाही. बॉक्सिंग बऱ्याचदा दगड-कागद-कात्रीसारखं चालतं. १९७१ मध्ये जो फ्रेझरने अलीला हरवलं. १९७३ मध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि हरवलं. अलीने दोघांनाही परतफेडीच्या लढतीत हरवलं, पण पूर्ण राउंड खेळून, पंचांच्या गुणांवर. आणि फोरमनने? फ्रेझरला किंग्स्टनमध्ये दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडून, आणि नॉर्टनला काराकासमध्ये दोनच राउंडमध्ये. दोन्ही समान प्रतिस्पर्धी, दोन्हीकडून उत्तर एकच, फोरमन कितीतरी वरचढ. पण प्रत्यक्षात १९७४ मध्ये किन्शासात अलीने त्याला आठव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं.

यात चमत्कार नव्हता. फ्रेझर वाकून, डोलत आत शिरायचा आणि डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा मारायचा, अली हात खाली ठेवून मागे झुकायचा, म्हणजे नेमका त्या हुकच्या वाटेत. पण वाकून आत येणारा माणूस फोरमनच्या अपरकटला आयताच सापडायचा, लांब हातांनी ढकलून अंतर ठेवायचं आणि खालून ठोसा. अली मात्र वाकून आत आलाच नाही, दोरांवर रेलून ठोसे दंडांवर घेत राहिला, आणि फोरमन दमला.

गणितात यालाही उपाय आहे, प्रत्येकाला एका आकड्याऐवजी तीन द्यायचे, एक ताकदीचा आणि दोन शैलीचे, मग माझा पहिला शैली-आकडा गुणिले तुझा दुसरा, वजा माझा दुसरा गुणिले तुझा पहिला, हे पद फरकात मिळवायचं, बाजू बदलल्या की याचं चिन्ह उलटतं म्हणून त्यातून असं वर्तुळ तयार होऊ शकतं. पण जितके आकडे जास्त तितक्या लढती जास्त लागणार, आणि मार्सियानोच्या अख्ख्या व्यावसायिक कारकिर्दीत लढती ४९.

वजनाबद्दल थोडक्यात. मार्सियानो ८४ किलोच्या आसपास, आज तो हेवीवेट नसताच, ९१ किलोपर्यंतच्या क्रूझरवेटमध्ये गेला असता. फ्युरी एकशे वीस किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त. पण नुसत्या वजनाने निकाल लागत नाही, २०२४ मध्ये शंभर किलोच्या आसपासच्या उसिकने त्याच फ्युरीला दोनदा हरवलं.

म्हणून मला विचाराल तर जोडी अशी निवडावी की निदान अंगकाठीचा वाद मिटेल. १९६६ चा अली आणि उसिक, दोघेही सहा फूट तीन इंच, दोघेही पायांवर हलके. शैलीत मोठा फरक एकच, उसिक डावखुरा आहे. आणि डावखुऱ्यासमोर अलीचं काय होतं याचा पुरावा आहे, सप्टेंबर १९६६, फ्रँकफर्ट, कार्ल मिल्डेनबर्गर. त्या काळात एवढ्या तयारीचा अली इतरांना सहज हरवत होता, पण मिल्डेनबर्गरने त्याला चांगलंच अडवलं आणि लढत बाराव्या राउंडपर्यंत गेली. मिल्डेनबर्गरपेक्षा उसिक खूप वरचा आहे. तरी पंधरा राउंड ठेवले तर मी अलीच्या बाजूने साठ-चाळीस म्हणेन, बारा ठेवले तर पन्नास-पन्नास, आणि ती फ्रँकफर्टची लढत पाहिल्याशिवाय यावर वाद घालायला येऊ नका.