बालकांचा व किशोरांचा बीएमआय

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक; शरीर वस्तुमान निर्देशांक. प्रौढांसाठी त्याच्या मर्यादा कायम असतात. मुलांत मात्र तो तान्ह्या वयानंतर उतरतो, साधारण पाच-सहाव्या वर्षी तळ गाठतो व पुन्हा चढतो. म्हणून तो वय व लिंगानुसार तक्त्यावर मांडूनच वाचावा लागतो.

सूत्राचे मूळ बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अदॉल्फ केतले यांच्या १८३२ च्या सुमारच्या मांडणीत शोधले जाते. आजचे नाव ॲन्सेल कीज व सहकाऱ्यांच्या १९७२ च्या लेखाने रूढ केले. केतले लठ्ठपणा मोजत नव्हते, ‘सरासरी माणूस’ शोधत होते. वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे त्यांना प्रौढांत आढळले. वाढत्या वयात ते उंचीच्या सुमारे अडीचाव्या घाताने वाढते, अशी त्यांचीच नोंद आहे. हे सूत्र मुलांना जसेच्या तसे लावण्यावरचा आक्षेप असा मुळापासूनचा आहे.

तक्ता कोणता वापरावा, यावर एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलासाठी अतिवजनाची रेषा १८.५ वर येते. २००० च्या आंतरराष्ट्रीय मर्यादांत ती १९.८ आहे. समजा, मुलाचे वजन ३६ किलो व उंची १४० सेंमी आहे; बीएमआय १८.४. उंची चुकून १३८ लिहिली गेली, तर तो १८.९ होतो आणि पहिल्या तक्त्यानुसार मूल अतिवजनाचे ठरते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते (५ ते १८ वर्षे) प्रौढांच्या २३ (अतिवजन) व २७ (लठ्ठपणा) या अंकांशी जुळवलेले आहेत. तेवढ्याच बीएमआयला भारतीय शरीरात चरबी अधिक आढळते; त्यामुळे आपल्याकडील मुलांसाठी हेच तक्ते अधिक योग्य वाटतात.

नाशिक जिल्ह्यात शहरी वाढते वजन आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतील जुने कुपोषण एकाच वेळी तपासावे लागते. आश्रमशाळेतील बारा वर्षांची, १३२ सेंमी उंचीची, २८ किलोची मुलगी घ्या. बीएमआय १६.१, म्हणजे सर्वसाधारण. उंची मात्र जागतिक तक्त्याच्या खालच्या मर्यादेखाली. खुरटलेली वाढ या अंकात दिसत नाही, म्हणून उंचीचा तक्ता आधी पाहणे अत्यावश्यक आहे. पाच वर्षांखालील मुलांसाठी अंगणवाडीतील सॅम-मॅम (तीव्र व मध्यम कुपोषण) वर्गवारी उंचीनुसार वजन व दंडघेर यांवर होते. तेथे बीएमआय वापरत नाहीत.