टेस्टोस्टेरॉन जेल: चौकटीतला इशारा कुठून आला

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची कमतरता भरून काढणाऱ्या जेलच्या माहितीपत्रकात सगळ्यात ठळक चौकट औषध लावणाऱ्या पुरुषासाठी नसते, त्याच्या घरातल्या मुलांसाठी असते. हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९३५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाक्यूर यांच्या चमूने बैलांच्या सुमारे १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम शुद्ध हार्मोन वेगळं केलं. त्याच वर्षी बुटेनान्ट आणि रुझिच्का या दोन रसायनशास्त्रज्ञांनी आपापल्या प्रयोगशाळेत ते कोलेस्टेरॉलपासून बनवून दाखवलं. माल मिळाला, पण तो शरीरात घालायचा कसा? गोळी गिळली की हार्मोन आधी यकृतात जातं आणि तिथेच त्याचा बहुतेक फडशा पडतो. रेणूत फेरफार करून मिथाइलटेस्टोस्टेरॉनची गोळी निघाली. ती यकृतातून सुटली खरी, पण यकृतालाच त्रास देऊ लागली. मग तेलातली इंजेक्शनं आली. दोन-तीन आठवड्यांतून एकदा टोचायचं. सुरुवातीला पातळी चढलेली, पुढचा डोस येईपर्यंत उतरलेली, आणि तिच्यासोबत माणसाचा उत्साहही वरखाली.

त्वचेची वाट १९९३ मध्ये अमेरिकेत खुली झाली. पहिला पॅच वृषणकोशावर चिकटवायचा होता, कारण तिथली त्वचा पातळ आणि हार्मोन भराभर शोषणारी. त्यासाठी जागेवरचे केस काढावे लागत. रोज हा सोहळा करण्याचा उत्साह किती जणांचा टिकला असेल ते सांगायला नको. १९९५ मध्ये पाठीवर किंवा दंडावर लावायचा पॅच आला, पण त्याखाली अनेकांची त्वचा लाल होऊन खाजायची. २००० मध्ये जेल आलं आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला.

एक टक्का जेलच्या ५ ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन असतं. त्यातलं सुमारे दहा टक्केच, म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या आसपास, रक्तात पोहोचतं. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण तेवढंच तयार करतं, त्यामुळे डोसचा हिशोब बरोबर जमतो. पण उरलेल्याचं काय? जेलमधलं अल्कोहोल उडून जातं, ते वाळल्यासारखं वाटतं, आणि हार्मोनचा बराच भाग धुऊन काढेपर्यंत कातडीवरच राहतो. उघड्या खांद्यावर झोपलेल्या बाळाच्या गालाला तो लागायला कितीसा वेळ?

स्पर्शाने औषध दुसऱ्याला लागू शकतं, हे माहितीपत्रकात आधीपासून लिहिलेलं होतं. तरीही मे २००९ पर्यंत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, नऊ महिने ते पाच वर्षं वयाच्या आठ मुलांच्या तक्रारी पोहोचल्या होत्या. जननेंद्रियांची वाढ, जांघेत अकाली आलेले केस, आक्रमक वागणं, वयाच्या पुढे गेलेली हाडं. कारण लवकर लक्षात न आल्याने काही मुलांच्या नको त्या तपासण्या झाल्या. एकावर तर शस्त्रक्रियाही झाली. संपर्क थांबल्यावर बहुतेकांची लक्षणं ओसरली, पण काहींची वाढ पूर्ण मागे फिरली नाही. त्यानंतर चौकटीतला इशारा सक्तीचा झाला.

वापराचे नियम याच घटनाक्रमातून वाचावेत. लावल्याबरोबर साबणाने हात धुवायचे, जेल वाळलं की जागा कपड्याने झाकायची, कुणाला जवळ घेण्याआधी ती जागा धुवायची. जेल लागलेला न धुतलेला शर्टही मुलांच्या हाती लागू द्यायचा नाही. जेल वाळेपर्यंत आगीपासून लांब राहायचं, कारण त्यात अल्कोहोल आहे. कुठलं जेल खांद्यावर, कुठलं मांडीवर लावायचं हे ठरलेलं असतं; आंघोळीआधी किती तास थांबायचं तेही प्रत्येकाचं वेगळं. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये.

औषध घ्यावं कुणी, हा वाद नंतर पेटला. वय वाढलं म्हणून पातळी उतरलेल्या पुरुषांनाही ते सर्रास दिलं जाऊ लागलं होतं. २०१५ मध्ये एफडीएने बजावलं की मान्यता वृषण, पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) किंवा मेंदूच्या आजारामुळे आलेल्या कमतरतेसाठी आहे, निव्वळ वयासाठी नाही. हृदयविकाराची शंकाही तेव्हाच लेबलवर आली. २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या ट्रॅव्हर्स चाचणीत जेल लावणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात वाढलेले दिसले नाहीत. हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसातल्या गुठळ्या मात्र थोड्या जास्त आढळल्या.

म्हणून सकाळच्या दोन वेगवेगळ्या रक्ततपासण्यांत पातळी कमी दिसल्याशिवाय जेल सुरू करत नाहीत. पुढेही रक्त घट्ट होतंय का हे पाहतात आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर उपचार थांबवतात. ज्याला अजून मूल हवं आहे त्याने हे आधीच डॉक्टरांना सांगावं: बाहेरून हार्मोन मिळालं की पिट्युटरीकडून वृषणांना जाणारे संकेत मंदावतात आणि शुक्राणूंची निर्मिती घटते.