डेक ब्लॉक म्हणजे फुटिंग नव्हे, तळखडा वेगळा आणि पाया वेगळा

शिकागोच्या आसपास एप्रिल उजाडला की आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी बॅकयार्डात डेक, म्हणजे लाकडी ओटा, करायचा विषय निघतोच, आणि पाचव्या मेसेजला कुणीतरी लिहितंच, "अरे खड्डे कशाला खणतोस, दुकानातून नऊ ब्लॉक आण, ठेव आणि वर फ्रेम टाक, एका वीकेंडचं काम." आता ब्लॉक वाईट असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही. चूक आहे ती त्या "नऊ"मध्ये, कारण तो आकडा फुटिंगच्या नकाशातून उचललेला असतो आणि ब्लॉकच्या माथी मारलेला असतो.

जुना वाडा आठवा. लाकडी खांबाखाली घडीव दगड असतो तो तळखडा, खांबाला ओल लागू नये म्हणून. पण वाडा काही तळखड्याच्या जिवावर उभा नसतो, त्याखाली जोतं असतं, पाया असतो. डेक ब्लॉक हा तळखडा, काँक्रीटचा, साधारण फूटभर चौकोनी, डोक्यावर खाचा केलेला, नुसता जमिनीवर ठेवायचा. फुटिंग हा पाया, खड्डा खणून घट्ट मूळ जमिनीपर्यंत नेलेला. दुकानात दोन्हीचं सामान शेजारीशेजारी असतं, तिथेच घोळ होतो.

12 बाय 12 फुटांचा डेक धरू, घराला न जोडलेला. हिशोबाला दर चौरस फुटाला 50 पाउंड धरतात, 40 माणसं-खुर्च्यांचे आणि 10 डेकच्या स्वतःच्या वजनाचे. फुटिंगवाल्या फ्रेममध्ये तीन तुळया, प्रत्येकीखाली तीन फुटिंग, वर आडवे जॉइस्ट, म्हणजे वरच्या फळ्या पेलणाऱ्या कड्या. ढोबळमानाने कोपऱ्यातल्या फुटिंगवर 9 चौरस फुटांचा भार येतो म्हणजे 450 पाउंड, पण मधल्यावर 36 चौरस फुटांचा, म्हणजे 1800. चिकणमातीची ताकद हिशोबाला दर चौरस फुटाला 1500 पाउंड धरतात, त्यामुळे मधल्याला 12 इंची नळीत (काँक्रीट ओतायच्या गोल साच्यात) ओतलेलं फुटिंगसुद्धा पुरत नाही, 16 इंची नळी लागते, आणि लोक तिथे ठेवतात फूटभराचा ब्लॉक, तोही वरच्या भुसभुशीत मातीवर. तो रुतणारच.

ब्लॉकवर करायचं तर फ्रेमच वेगळी. खाच दीड इंचाची असते, त्यात एकच फळी बसते, दोन फळ्यांची जोड-तुळई बसतच नाही. म्हणजे तुळई विसरा आणि प्रत्येक जॉइस्टच सरळ ब्लॉकवर टेकवा. 16 इंचांवर एक असे 10 जॉइस्ट, प्रत्येकाखाली 3, म्हणजे 30 ब्लॉक, आणि मधल्या ब्लॉकवरही 400 पाउंडच. ब्लॉक चालतो तो असा, थोडं थोडं वजन पुष्कळ जणांत वाटून. खाली गवत-माती काढून खडी ठोकून बसवायची, आपण सोलिंग करतो तसंच काहीसं. नऊ फुटिंगला 80 पाउंडाच्या काँक्रीटच्या पन्नासेक पिशव्या लागतात, त्यामुळे 30 ब्लॉक ऐकून लगेच घाबरू नका.

मग गोठण्याचा प्रश्न. नुसतं पाणी गोठून फुगतं एवढंच नाही, गोठणारा थर खालचं ओलसर पाणी वर ओढत राहतो आणि मातीत बर्फाच्या चकत्या जमत जातात, वरचं सगळं उचललं जातं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगून हलकी भिंत उचलते ना, तसंच, फक्त कारण थंडी. म्हणून शिकागोत फुटिंगचा तळ 42 इंच खाली नेतात, बॉस्टनकडे 48. ह्यूस्टनवाल्यांना थंडीचं टेन्शन नाही पण तिथली चिकणमाती स्वतःच फुगते, त्यामुळे फार खूश होऊ नका.

ब्लॉकवरचा डेक हिवाळ्यात थोडा वर जातो, उन्हाळ्यात खाली येतो. स्वतंत्र असेल तर येऊ दे, काय बिघडतं. बिघडतं ते अर्धं-अर्धं केल्यावर, म्हणजे एक बाजू घराच्या भिंतीला बोल्टने आवळलेली आणि दुसरी ब्लॉकवर. घर हलत नाही, ब्लॉक हलतो, उतार घराकडे होतो, पाणी भिंतीत जातं. घराला जोडायचंच असेल तर दुसऱ्या बाजूला खोल फुटिंगच हवं, इथे तडजोड नाही.

परमिटचं म्हणाल तर आयआरसी या घरबांधणीच्या नमुना संहितेत 200 चौरस फुटांपर्यंतचा, जमिनीपासून 30 इंचांपेक्षा उंच नसलेला, घराला न जोडलेला आणि घराच्या अधिकृत बाहेर पडायच्या दाराला न लागणारा डेक सुटतो. पण मागच्या दारासमोरचा डेक त्यात बसतो का हे आधी बघा, आणि गावागावाचा नियम वेगळा असतो, तेव्हा व्हिलेज हॉलला, म्हणजे गावच्या कार्यालयाला, एक फोन कराच.

उंचीचं गणित आधी कागदावर मांडा. 2 बाय 8 ची फळी प्रत्यक्षात सव्वासात इंच भरते. फुटिंगवाल्या फ्रेममध्ये तुळईवर जॉइस्ट ठेवले तर वरच्या इंचभर फळीसकट साडेपंधरा इंच झाले, दाराचा उंबरठा तेवढा उंच नसेल तर जॉइस्ट तुळईच्या पोटात हँगरने (लोखंडी पत्र्याच्या खोबणीने) अडकवायचे, मग सव्वाआठमध्ये भागतं. एवढ्या खाली लाकूड मातीला टेकण्याइतकं येतं, त्यामुळे ग्राउंड कॉन्टॅक्टवालंच, म्हणजे मातीला टेकलं तरी टिकावं म्हणून औषध मुरवलेलं, घ्या.

खणणार असाल तर काही दिवस आधी 811 ला फोन करा, फुकट आहे, गॅस-विजेच्या लाइनी कुठून जातात ते रंगाने आखून देतात. आणि घराला लागून पहिले काही फूट खणताना सांभाळून, तिथे बेसमेंटच्या वेळी उकरून परत टाकलेली भरावाची माती असते, ती वर्षानुवर्षं बसत राहते, 42 इंच झाले म्हणून थांबू नका, मूळ जमीन लागेपर्यंत खाली जा.