शटर स्पीड आणि रीडआउट: सेन्सरमधले दोन वेगळे काळ

इलेक्ट्रॉनिक शटर (पडद्यांऐवजी सेन्सरच प्रकाश घेणे सुरू-बंद करतो ती पद्धत) वापरून १/८००० सेकंदाला टिपलेल्या छायाचित्रातही धावती मोटार तिरकी दिसते, तेव्हा अनेकांना कॅमेराच बिघडल्यासारखे वाटते. वास्तविक बिघाड काहीच नसतो. सेन्सरवरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवरची, पिक्सेलची प्रत्येक ओळ किती वेळ प्रकाश साठवते तो एक्सपोजरचा काळ आणि सगळ्या ओळी वाचून होण्यास लागतो तो रीडआउटचा काळ. शटर स्पीड बदलल्याने यांतला फक्त पहिला बदलतो.

बहुतेक सीमॉस सेन्सरमध्ये (आजच्या कॅमेऱ्यांतला नेहमीचा प्रकार) पिक्सेलच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात. ओळीत साठलेला विद्युतभार आधी रिकामा केला जातो आणि ठरलेला अवधी लोटल्यावर तीच ओळ वाचली जाते. या दोन क्षणांमधले अंतर म्हणजे एक्सपोजर. समजा, सेन्सरवर ४००० ओळी आहेत आणि एक ओळ वाचायला ८ मायक्रोसेकंद लागतात, तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचायला ३२ मिलिसेकंद जातात. १/८००० सेकंद म्हणजे १२५ मायक्रोसेकंद, त्यामुळे कोणत्याही क्षणी जेमतेम १५-१६ ओळी प्रकाश घेत असतात आणि ही अरुंद पट्टी सेन्सरभर सरकत जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार १२५ मायक्रोसेकंदांत सुमारे २ मिलिमीटर सरकते, म्हणून प्रत्येक ओळ रेखीव येते. परंतु ३२ मिलिसेकंदांत तीच मोटार अर्ध्या मीटरहून अधिक पुढे जाते, म्हणून तिने चौकट वरपासून खालपर्यंत व्यापली असेल तर तिचा आकार तेवढा कलतो. अस्पष्टता एक्सपोजरमुळे येते, तिरकेपणा रीडआउटमुळे. यालाच रोलिंग शटरचा परिणाम म्हणतात.

यांत्रिक शटरचे पडदेही सेन्सरवरून सरकतच जातात, पण ते हा प्रवास साधारण १/२५० सेकंदात उरकतात, म्हणून तिथे तिरकेपणा फारसा जाणवत नाही.

ग्लोबल शटरमध्ये सर्व पिक्सेल एकाच क्षणी प्रकाश घेऊ लागतात आणि एकाच क्षणी थांबतात. त्यांचा विद्युतभार प्रत्येक पिक्सेलमधल्या, प्रकाशापासून झाकलेल्या साठवणीत हलवला जातो आणि तिथून ओळीओळीने वाचला जातो. वाचनाला वेळ इथेही लागतोच, फक्त तो चित्रात उमटत नाही. ही साठवण पिक्सेलमधली जागा खाते, त्यामुळे विद्युतभार धारण करण्याची क्षमता घटते. म्हणूनच २०२३ साली जाहीर झालेल्या सोनी ए९ ३ या पहिल्या फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) ग्लोबल शटर कॅमेऱ्याचा किमान मूळ आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) २५० इतका चढा आहे. याउलट २०२१च्या निकॉन झेड९ने यांत्रिक शटर पूर्णपणे वगळले, तरी त्याचा सेन्सर रोलिंगच आहे. केवळ त्याचे वाचन अतिशय जलद होते. माझ्या मते बहुतेकांना एवढा वेग पुरेसा आहे.

दिव्यांच्या लुकलुकण्यात मात्र हे दोन्ही काळ एकत्र येतात. ५० हर्ट्झ विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि ओळी वेगवेगळ्या क्षणी उघडल्यामुळे चित्रावर आडवे पट्टे उमटतात. १/१०० सेकंदाचे एक्सपोजर ठेवल्यास प्रत्येक ओळीला पूर्ण आवर्तन मिळते आणि पट्टे नाहीसे होतात.

माहितीपत्रकात सर्वाधिक शटर स्पीड ठळक छापलेला असतो, रीडआउटचा काळ बहुधा नसतो. तो शोधायचा असेल तर अशाच दिव्याखाली, इलेक्ट्रॉनिक शटरने, अत्यल्प एक्सपोजर ठेवून एका कोऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे: तीन पट्टे दिसले, तर रीडआउट सुमारे ३/१०० सेकंदाचा आहे.