दोह्याआधीचं वर्ष: ११ सामने, १६ गोल, आणि मग शून्य

जानेवारीत विदर्भात कापसाची शेवटची वेचणी सुरू असते, तुरी खळ्यावर आलेल्या असतात. २०२४ च्या जानेवारीत कतारमधल्या फुटबॉलच्या आशिया चषकात भारताचे ऑस्ट्रेलिया आणि सीरियाविरुद्धचे सामने आपल्या घड्याळात संध्याकाळी पाचला सुरू झाले. वावरातून येऊन हातपाय धुऊन मोबाइल उघडेपर्यंत पूर्वार्ध संपलेला असायचा. तरी काही चुकलं नाही, कारण त्या दोन्ही सामन्यांतले सगळे गोल उत्तरार्धातच झाले: ऑस्ट्रेलियाचे ५० व्या आणि ७३ व्या मिनिटाला, सीरियाचा ७६ व्या मिनिटाला. मधला उझबेकिस्तानचा सामना रात्री आठचा. त्यात मध्यंतरालाच ०-३ झालं होतं. तीन सामने, सहा गोल खाल्ले, केला एकही नाही.

हा संघ सहा महिन्यांपूर्वी हरतच नव्हता. मार्च ते जुलै २०२३ या काळात इम्फाळ, भुवनेश्वर आणि बंगळुरूत मिळून ११ सामने झाले. १६ गोल केले, दोनच खाल्ले. पहिल्या आठ सामन्यांत तर एकही खाल्ला नाही, आणि नवव्या सामन्यात खाल्ला तो आपल्याच बचावपटू अन्वर अलीचा स्वयंगोल होता. तिरंगी स्पर्धा, इंटरकॉन्टिनेन्टल चषक आणि सॅफ (दक्षिण आशियाई देशांची) स्पर्धा, तिन्ही जिंकल्या. जागतिक क्रमवारीत संघ ९९ वर गेला.

पण तेच आकडे जरा उलगडून पाहू. अकराच्या अकरा सामने घरच्या मैदानावर झाले. समोर म्यानमार, मंगोलिया, वानुआतू, नेपाळ अशा तोडीचे संघ; त्यातल्या त्यात कसदार म्हणावेत ते लेबनॉन, कुवेत आणि किर्गिझस्तान. सॅफची उपांत्य आणि अंतिम, दोन्ही लढती पेनल्टींवर सुटल्या. आणि १६ पैकी आठ गोल एकट्या कर्णधार सुनील छेत्रीचे, त्यांतले काही पेनल्टीचे. आशिया चषकासाठी दोह्याला उतरला तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. निम्मे गोल एकाच माणसाच्या पायातून निघत असतील तर समोरच्या प्रशिक्षकाचं काम सोपं होतं: त्याच्या अंगावर एक स्टॉपर (मधला बचावपटू) आणि पुढ्यात एक मधल्या फळीतला खेळाडू ठेवायचा, बस.

खेळण्याची पद्धत कशी बदलत गेली हे कळायला थोडं मागे जावं लागतं. २०११ च्या आशिया चषकासाठी तेव्हाचे प्रशिक्षक बॉब हाऊटन यांनी खेळाडूंना क्लबांपासून लांब, दीर्घ शिबिरात ठेवलं. खेळ सरळ होता: खोल बचाव, लांब चेंडू. ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४ अशी हार झाली, म्हणजे १३ गोल खाल्ले, तरी तीन केले. २०१९ मध्ये प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाईन यांचा संघही सरळ खेळायचा. चार-चारच्या दोन फळ्या, चेंडू हिसकावला की लगेच पुढे. त्या बळावर थायलंडला ४-१ ने हरवलं. शेवटच्या सामन्यात बहरीनला भरपाई वेळेत पेनल्टी मिळाली नसती तर बाद फेरीही गाठता आली असती.

त्याच वर्षी मे महिन्यात आलेले प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी हे मोडायचं ठरवलं. गोलरक्षकापासून छोट्या पासने चेंडू वर न्यायचा. दोन स्टॉपर रुंद पसरतात, त्यांच्यामध्ये मधल्या फळीतला एक जण खाली येऊन चेंडू मागतो, साइडबॅक (कडेचे बचावपटू) वर सरकतात आणि छांगटे, महेश यांच्यासारखे विंगर (कडेने हल्ला करणारे) आत वळतात. हे जमायला दोन गोष्टी लागतात. अंगावर माणूस असताना पहिल्याच स्पर्शात चेंडू ताब्यात यायला हवा, आणि कोण कुठे असेल हे न बघता कळावं इतका एकत्र सराव हवा.

पहिल्या गोष्टीचं दुखणं आपल्या गावातल्या आखरावरही दिसतं. सुब्रतो चषकाच्या शालेय फेऱ्या ऐन पावसाळ्यात येतात. काळ्या मातीत चेंडू पडतो तिथेच रुततो, बुटाला किलोभर चिखल चिकटतो. दिवाळीनंतर त्याच जमिनीला भेगा पडतात आणि जमिनीलगतचा पास भलतीकडेच उसळतो. पोट्टे मग चेंडू उचलून मारायलाच शिकतात, आणि त्या जमिनीवर तेच शहाणपणाचं असतं. मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवला तर चेंडू नीट सरकतो, पण गुडघे सोलून निघतात. छोट्या पासचा खेळ आधी जमीन मागतो, मग पाय.

दुसऱ्या गोष्टीत राष्ट्रीय संघच तोकडा पडला. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांसाठी क्लब खेळाडू सोडेनात. घाईत जमवलेला संघ सामन्याच्या आदल्या दिवशी चीनमध्ये पोचला आणि यजमानांकडून १-५ ने हरला. मुख्य संघाचाही त्या शरद ऋतूत सूर हरवला: इराकशी २-२ बरोबरी करून पेनल्टींवर हार, लेबनॉनकडून ०-१, मलेशियाकडून २-४. नोव्हेंबरात कुवेतला त्यांच्याच घरी १-० ने हरवलं तो एकच खरा दमदार निकाल. पाच दिवसांनी भुवनेश्वरला कतारने ०-३ ने धुतलं. दोह्यासाठी स्टिमाच चार आठवडे मागत होते, मिळाले जेमतेम दोन.

त्यात दुखापती. अन्वर अलीचे मागून जाणारे लांब तिरके पास गेले, जिक्सनमुळे मधल्या फळीला असलेला आडोसा गेला, डाव्या बाजूने पळणारा आशिक कुरुनियन गेला. अन्वरच्या जागी मुंबईचा राहुल भेके संदेश झिंगनच्या जोडीला उभा राहिला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध संघ नवी पद्धत सोडून पुन्हा खोल बचावात गेला. आमच्या मते निर्णय बरोबर होता, पूर्वार्ध ०-० राहिलाही. पण असा बचाव करताना विंगरही साइडबॅकच्या ओळीत येऊन बसतात. चेंडू हिसकावला की पुढे एकटा छेत्री, आणि जवळचा साथीदार तीस-चाळीस मीटर मागे. चेंडू परत जातो, पुन्हा क्रॉस येतो. ५० व्या मिनिटाला गोलरक्षक गुरप्रीतचा ठोसा नीट बसला नाही आणि चेंडू ऑस्ट्रेलियाच्या अर्विनच्या पुढ्यात पडला. छेत्रीला १६ व्या मिनिटाला मिळालेला हेडर बाहेर गेला होता. तशी संधी पुन्हा आली नाही.

छेत्रीशिवाय गोल करणारा का तयार झाला नाही, याचं उत्तर क्लबांच्या संघयादीत सापडतं. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) तेव्हा एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत होते. क्लब ते बहुधा मधल्या फळीच्या कण्यात आणि नंबर नऊच्या (मुख्य स्ट्रायकरच्या) जागी लावायचे, कारण गोल तिथेच होतात. भारतीय मुलांच्या वाट्याला कडा उरायच्या. म्हणून विंगर आणि साइडबॅक मिळतात, गोलसमोर उभा राहणारा मिळत नाही.

६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध छेत्रीने निरोप घेतला. सामना ०-० सुटला. स्टिमाचही त्याच महिन्यात गेले. मार्च २०२५ मध्ये नवे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी चाळिशीतल्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० च्या विजयात त्याने हेडरने गोल केला. सहा दिवसांनी, पुढच्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत, त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध पुन्हा ०-०.