नागरी सत्काराची पार्श्वभूमी : मानपत्रापासून जीवनगौरवापर्यंत

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांत व्यापारी संघटना, पतसंस्था, ज्येष्ठ नागरिक संघ आणि स्थानिक दैनिके आता वर्षातून एकदा तरी ‘जीवनगौरव’ देतात. मानकरी बहुधा पंचाहत्तरी ओलांडलेले असतात. चाळीस-पन्नास वर्षे पेढी किंवा कारखाना चालवलेला असतो, आणि त्याच काळात शाळेच्या नियामक मंडळावर, सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर, पांजरपोळावर किंवा एखाद्या मुदतीपुरते नगरपालिकेत काम केलेले असते. समारंभ कसा होतो हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. या टिपणात पाहायचे आहे ते एवढेच की, असा मान देण्याचा अधिकार कोणाचा मानला गेला, त्याचा खर्च कोणी सोसला आणि मानाबरोबर लेखी काय दिले गेले.

मराठेशाहीत नवी पेठ वसवणाऱ्याला शेटेपणाचे किंवा महाजनकीचे वतन मिळत असे. शेटे आणि महाजन हे बाजारपेठेचे वतनदार. पहिला विडा, पहिला टिळा, शिरपाव (मानाची वस्त्रे) यांसारखे मान त्यांच्याकडे वंशपरंपरेने चालत आणि त्या क्रमावरून उठलेले तंटे गोतसभेपर्यंत, म्हणजे गावच्या वतनदारांच्या न्यायसभेपर्यंत, जात. त्या व्यवस्थेत मान घराण्याला होता. एखाद्या व्यापाऱ्याने स्वतःच्या आयुष्यात काय केले हे मोजून त्याला गौरवण्याची कल्पना तिच्यात नव्हती, म्हणून आजच्या प्रथेचे मूळ तिथपर्यंत ओढत नेण्यात फारसा अर्थ नाही.

ती कल्पना रुजली एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३–१८६५) आणि जमशेटजी जीजीभाई हे तिचे पहिले ठळक मानकरी. दोघेही व्यापारातून मोठे झालेल्या वर्गाचे, आणि दोघांचेही नाव शाळा, इस्पितळे, ग्रंथालये यांच्याशी जोडलेले. जमशेटजींना १८४२ मध्ये नाइटहूड आणि १८५७ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. दोन्ही किताब मिळवणारे ते पहिले भारतीय. नानांचा पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये उभा राहिला. पुढे लहान शहरांसाठी रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर आणि जस्टिस ऑफ द पीस हे मानद दंडाधिकाऱ्याचे पद, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘जे. पी.’, अशी उतरंड तयार झाली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या ठरावानंतर नगरपालिकांत निवडून आलेल्यांचे प्रमाण वाढत गेले, तरी सरकारनियुक्त जागा राहिल्या आणि त्या जागांवर येणारा पेठेतला सावकार किंवा अडत्या पुढे रावसाहेब झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. सरकारशी सख्य हीच त्या काळी नागरी सेवेची मोजपट्टी होती, असे म्हटले तर चुकीचे ठरू नये.

या मोजपट्टीला पहिला हरकतीचा सूर ज्यांनी लावला, ते स्वतःच व्यावसायिक आणि नगरपालिकेचे सदस्य होते. महात्मा जोतीराव फुले बांधकामाची कंत्राटे घेत, बांधकामाला लागणाऱ्या मालाचा पुरवठा करीत आणि १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी भूमिका त्यांनी घेतली. सभागृहात विरोधात पडलेले मत त्यांचे एकट्याचे होते. मानाचा खर्च करातून करावा काय, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या पालिकांत त्यानंतर अनेकदा निघाला, पण त्याची इतकी स्वच्छ मांडणी क्वचितच झाली.

त्याच जोतीरावांचा, वयाची साठ वर्षे आणि लोकसेवेची चाळीस वर्षे पूर्ण झाल्याबद्दल, ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी-कोळीवाड्याच्या सभागृहात जाहीर सत्कार झाला आणि ‘महात्मा’ ही पदवी त्यांना लोकांनी दिली. ती जाहीर करणारे विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर स्वतः रावबहादूर होते. सरकारी किताब मिळवलेल्या माणसाने लोकांच्या वतीने लोकांचा किताब द्यावा, तोही कोळीवाड्याच्या सभागृहात, ही घटना मला या सगळ्या इतिहासाचा मधला खांब वाटते. पालिकेचा ठराव नाही, सरकारी गॅझेट नाही, तिजोरीचा पैसा नाही. आयुष्यभराचे काम, ते ओळखणारा समाज आणि भर सभेत उच्चारलेला एक शब्द एवढ्यावर तो मान उभा राहिला. पुण्याच्या ज्या मंडईला १८८६ मध्ये मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले होते, तिला कालांतराने ‘महात्मा फुले मंडई’ हे नाव दिले गेले आणि तेच टिकले.

येथून पुढे ज्या शब्दाने सर्वांत जास्त गोंधळ केला तो ‘नागरी सत्कार’. हा शब्द आज दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरला जातो आणि निमंत्रणपत्रिकेवरून त्या ओळखू येत नाहीत. पहिला अर्थ असा की नगरपालिकेने सभेत ठराव मांडून, त्याला सूचक-अनुमोदक मिळवून, तो इतिवृत्तात नोंदवून, शहराच्या नावाने एखाद्याला मानपत्र द्यायचे. दुसरा अर्थ असा की गावातल्या काही प्रतिष्ठितांनी ‘नागरी सत्कार समिती’ स्थापन करायची, वर्गणी गोळा करायची आणि सर्व नागरिकांच्या वतीने म्हणून समारंभ करायचा. पहिल्यात मान देणारी संस्था निश्चित असते आणि ती मतदारांना उत्तरदायी असते. दुसऱ्यात ‘नागरिक’ म्हणजे प्रत्यक्षात वर्गणीदार असतात, आणि वर्गणीदारांत पुष्कळदा मानकऱ्याचे देणेकरी, भागीदार, व्याही आणि त्याच्याकडून देणगीची अपेक्षा असलेल्या संस्था असतात.

पहिल्या प्रकाराची अडचण कायद्यात आहे. नगरपालिकांची कामे बंधनकारक आणि ऐच्छिक अशी विभागलेली आहेत. पाणी, गटारे, दिवाबत्ती, सफाई ही बंधनकारक, आणि सत्कार-समारंभ कितीही ताणले तरी त्या यादीत बसत नाहीत. ऐच्छिक खर्च करायचा तर तरतूद लागते, मंजुरी लागते आणि नंतर स्थानिक निधी लेखापरीक्षेत शालीच्या, हारांच्या आणि चहापानाच्या पावत्यांवर आक्षेप निघतो. हा आक्षेप वर्षानुवर्षे ‘अनुपालन प्रलंबित’, म्हणजे पूर्तता बाकी, म्हणून राहतो आणि ज्या नगराध्यक्षाने कौतुकाने एखाद्या वृद्ध व्यापाऱ्याचा सत्कार केला, त्याच्या नावावर वसुलीची टांगती तलवार येते. म्हणून अनेक पालिकांनी मधला मार्ग काढला : ठराव पालिकेचा, खर्च समितीचा. कागदोपत्री तो निर्दोष होता. पण समितीने खर्च केला की मंचावर कोण बसणार, कोणाचे भाषण आधी, गौरव अंकात कोणाची जाहिरात मलपृष्ठावर, हेही समितीच ठरवू लागली, आणि ठराव हा तिच्या कार्यक्रमपत्रिकेतला एक विषय होऊन बसला. माझ्या मते या प्रथेची घसरण तेथे सुरू झाली. खर्च वर्गणीतून करण्यात गैर काही नव्हते, पण मान कशासाठी द्यायचा हे ठरवणे वर्गणीदारांवर सोडायला नको होते.

थैलीची रीतही याच समित्यांनी वाढवली. एकसष्टीला एकसष्ट हजार, पंचाहत्तरीला पंचाहत्तर हजार, असा वयाशी आकडा जुळवून रक्कम जमवायची आणि मानकऱ्याने ती व्यासपीठावरच, स्वतःची भर घालून, एखाद्या शाळेला किंवा वसतिगृहाला परत द्यायची. या रीतीची टवाळी झाली असली तरी तिच्यातून अनेक गावांत वर्गखोल्या उभ्या राहिल्या आहेत, हे तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

मानपत्र ही वस्तू आज चाळिशीच्या आतल्या वाचकांपैकी थोड्यांनीच हातात घेतली असेल. जाड कागदावर किंवा साटीनच्या कापडावर छापलेला मजकूर, भोवती वेलबुट्टीची चौकट, सर्वांत वर ग्रामदैवताचे नाव, खाली नगराध्यक्षांपासून सदस्यांपर्यंत सह्या, आणि ही गुंडाळी ठेवण्यासाठी चांदीचा करंडक. जुन्या पेठांतल्या काही दुकानांत गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, असे मानपत्र काचेखाली अजून दिसते. उदबत्तीच्या धुराने काच पिवळी पडलेली असते आणि कडेच्या सह्या विरलेल्या असतात, तरी मजकूर वाचता येतो. तो ‘आपण’ असे संबोधून लिहिलेला असतो. आपण अमुक साली वाचनालयाला जागा दिली, १९७२ च्या दुष्काळात पेठेतल्या हमालांना उधारीवर धान्य दिले आणि वहीतली ती पाने पुढे उघडली नाहीत, आपल्या कारकिर्दीत नळाचे पाणी वरच्या आळीला पोहोचले : अशी एकेक गोष्ट, सालासह. समारंभात ते सावकाश, सर्वांना ऐकू जाईल असे वाचले जाई. ऐकणाऱ्यांत त्या वर्षांचे साक्षीदार बसलेले असत, त्यामुळे अतिशयोक्ती करायला लिहिणारा कचरत असे. गावाच्या इतिहासाची साधने म्हणून या मजकुरांचे मोल मोठे आहे.

स्वातंत्र्याच्या चळवळीने सरकारी किताबांची प्रतिष्ठा घालवली. १९२० च्या असहकाराच्या कार्यक्रमात किताब परत करणे हे एक कलम होते, आणि राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी व शैक्षणिक विशेषोपाधी वगळता राज्याने किताब देणे बंद केले. १९५४ मध्ये भारतरत्न आणि पद्म पुरस्कार सुरू झाले, १९७७ मध्ये ते थांबवले गेले, १९८० मध्ये पुन्हा सुरू झाले. १९९५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत, पण ते नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला. हा निकाल राष्ट्रीय पुरस्कारांविषयीचा असला तरी त्यातला विचार गावालाही लागू पडण्यासारखा आहे. प्रत्यक्षात झाले उलटे : ‘नगरभूषण’, ‘समाजभूषण’, ‘उद्योगरत्न’ ही विशेषणे फलकांवर आणि लग्नपत्रिकांवर नावाआधी छापली जाऊ लागली. ‘जे. पी.’ ही अक्षरेही अशीच पाट्यांवर होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून, ती पद्धत मागे पडली आणि पाट्यांवर ‘विशेष कार्यकारी दंडाधिकारी’ ही नवी ओळ आली; सही-शिक्क्याचे मर्यादित काम असलेले पद गावाने मानाचे पद म्हणूनच वापरले.

‘जीवनगौरव’ हा शब्द सर्वत्र झाला तो गेल्या तीन-चार दशकांत. व्यवसाय आणि सेवा यांची जोडी मात्र आधीच्या क्लबांनी रूढ केली होती. मुंबईत रोटरीचा क्लब १९२९ मध्ये आणि लायन्सचा १९५६ मध्ये स्थापन झाला. सचोटीने केलेला धंदा हीसुद्धा समाजसेवाच, हा रोटरीचा विचार तेथून व्यापारी संघटनांच्या पुरस्कारांत उतरला. राज्य सरकारचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार १९९६ मध्ये प्रथम पु. ल. देशपांडे यांना दिला गेला आणि २०२३ मध्ये पहिला ‘उद्योगरत्न’ रतन टाटा यांना. राज्यपातळीवरच्या प्रत्येक नव्या नावाची नक्कल तालुक्यात होते, हे गेल्या पंचवीस वर्षांत वारंवार दिसले आहे. स्पॉन्सर आले, एका संध्याकाळी वीस-पंचवीस मानकरी होऊ लागले, आणि वीस मानपत्रे लिहिणे व वाचणे शक्य नसल्याने त्यांची जागा स्मृतिचिन्हावरच्या दोन ओळींनी घेतली. ‘व्यापार व समाजकार्यातील बहुमोल योगदानाबद्दल’ ही ओळ सर्वांना सारखीच असते.

या सर्व काळात बायकांच्या वाट्याला ‘सपत्नीक सत्कार’ आला. नवऱ्याला शाल-श्रीफळ, बायकोला खण-नारळ. दुकान दुपारी तीच सांभाळत होती, उधारीची वही तिच्याच तोंडपाठ होती, तरी मानपत्रात तिचा उल्लेख ‘सौभाग्यवतींची साथ’ एवढाच येई. नगरपालिकांत स्त्रियांना १९९३ नंतर एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्यावर ठराव मांडणाऱ्यांत स्त्रिया आल्या, आणि स्वतःच्या नावाने धंदा केलेल्या स्त्रियांचे वेगळे सत्कार त्यानंतरच नजरेत भरू लागले.

२०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक होते. सभागृह नसताना सूचक नाही, अनुमोदक नाही, मतदान नाही. त्या वर्षांत शहराच्या नावाने मान देण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे खासगी संघटनांकडे गेले. पालिकेच्या ठरावाची प्रत इतिवृत्ताच्या वहीत राहते आणि पन्नास वर्षांनीही अभिलेख कक्षातून मागता येते. संघटनांची निवड समिती बैठकीचे टिपण ठेवतेच असे नाही, आणि ठेवले तरी कार्यकारिणी बदलली की ते मावळत्या सचिवाच्या घरी राहते.