डबाबंद माशांमधलं हिस्टामीन

टिनमधल्या माशात सापडणारं हिस्टामीन हे मासा खराब होताना तयार होणारं रसायन आहे, आणि मुख्य गोष्ट ही की ते बहुतेक वेळा मासा डब्यात जायच्या आधीच तयार झालेलं असतं. कुपा (म्हणजे ट्युना), बांगडा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, मासा मेल्यावर बर्फाविना गरमीत पडून राहिला की बॅक्टेरिया वाढतात आणि त्या हिस्टिडीनचं हिस्टामीन करून टाकतात. मुंबईच्या उकाड्यात याला फार तास लागत नाहीत, म्हणून ससून डॉक असो की भाऊचा धक्का, बोटीवर बर्फ किती आणि किती लवकर पडला यावरच सगळं ठरतं.

टिन भरून सील केल्यावर साधारण १२१ अंशाला शिजवतात, त्यात बॅक्टेरिया मरतात पण हिस्टामीन तसंच राहतं. तळून, उकळून, फ्रीजरमध्ये टाकूनही जात नाही. डबा फुगत नाही, वासही बऱ्याचदा येत नाही, त्यामुळे बाजारात कल्ले उघडून लाल आहेत का बघायची आपली जी सवय आहे ती टिनपुढे काहीच कामाची नाही, तिथे लॅब टेस्टच लागते. एकाच माशाच्या दोन तुकड्यांत प्रमाण वेगळं निघू शकतं, म्हणून एकाच लॉटचे अनेक नमुने तपासतात.

कोडेक्सची (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) माशातल्या हिस्टामीनसाठी सुरक्षेची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. हिशोब सोपा आहे: एका जेवणात ५० मिलिग्रॅमपर्यंत निरोगी माणसाला त्रास होत नाही असं धरलंय, आणि २५० ग्रॅम मासा खाल्ला तर २०० च्या मर्यादेत बरोबर तेवढंच पोटात जातं.

त्रास खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत सुरू होतो, तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, धडधडतं, अंगाला खाज, कधी जिभेवर मिरीसारखा चटका. आपल्याकडे याला सरळ 'अंगावर पित्त उठलं' म्हणतात आणि माणूस बांगड्याची ॲलर्जी समजून तो मासा कायमचा सोडतो, हे वाईट वाटण्यासारखं आहे कारण दोष त्या एका खराब माशाचा असू शकतो (खरी ॲलर्जीही असते, ती डॉक्टरकडूनच ठरवून घ्यावी). १९७३ मध्ये अमेरिकेत टिनमधल्या ट्युनामुळे २३२ जणांना असाच त्रास झाला होता. सहसा दिवसभरात उतरतो, अँटीहिस्टामीन गोळीने लवकर. श्वास लागला तर मात्र थेट हॉस्पिटल गाठावं.

टीबीची आयसोनियाझिड गोळी चालू असलेल्यांनी जास्त जपायला हवं, आणि मुंबईत असे पेशंट खूप आहेत. शरीर हिस्टामीन ज्या एन्झाइमने मोडतं त्यालाच ही गोळी अडवते, त्यामुळे दुसऱ्याला पचलेल्या त्याच टिनने यांना त्रास होऊ शकतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही, मासा बाजूला ठेवायचा आणि डॉक्टरांना विचारायचं.